आतल्या सिमचे कलशेट्टी सर

कलशेट्टी सर मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं माझा सूर मऊ लागला तर वाचणाऱ्यानं त्यावर फार विसंबू नये. मुरुमच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि मी मराठी. घरंही समोरासमोर, मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. त्यामुळं सकाळी दात घासताना जे तोंड दिसे तेच दुपारी डबा खाताना पुन्हा दिसे. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मुख्य गोष्ट एकच. त्यांच्याकडं फोन नव्हता. नेट होतं, ते लॅपटॉपच्या पोटात होतं, आणि लॅपटॉपचं झाकण त्यांच्या हातात होतं. त्या झाकणापायी त्यांच्या बायकोचं, कावेरीअक्कांचं काय झालं, ते मला सांगायचंय.

सर बुटके, गोरे, कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे. पांढरा बुशशर्ट, खिशात एकच पेन, आणि त्या पेनला टोपण नाही. टोपण मुद्दाम फेकून दिलेलं. बिनटोपणाचं पेन कुणी उसनं मागत नाही, असा त्यांचा अनुभव होता. डबा ते भिंतीकडं तोंड करून खात. कुणी वाटीभर भाजी पुढं केली तर नको म्हणत, कारण घेतली की उद्या द्यावी लागते. शिकवायला मात्र बसले की सोनं. दोरीला कुलूप बांधून वर्गात लंबक झुलवला की मागच्या बाकावरची म्हशी राखणारी पोरंसुद्धा मान हलवायला लागत. पण त्याच वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही की त्याला उभं करून, आवाज अजिबात न चढवता म्हणत, "तुझ्या डोक्यात स्लॉट आहे, कार्ड नाही." हे वाक्य कुठून आलं ते पुढं सांगतो. ऐकणारं पोरगं दोन दिवस वर्गात यायचं नाही, एवढं खरं.

लॅपटॉप त्यांना भाच्यानं दिला. भाचा बेंगळुरूला कंपनीत. कंपनीनं जुने लॅपटॉप मोडीत काढले, त्यातला एक मामाकडं आला. काळा, जाड, कोपरे झिजलेला. त्याच्या कडेला नखाएवढी फट होती. त्या फटीत सिम सरकवलं की लॅपटॉपला आपलं आपण नेट मिळे. फोन नको, वायर नको, वायफाय नको. आम्ही कुणीच असला लॅपटॉप पाहिलेला नव्हता. कॉलेजचं वायफाय प्राचार्यांच्या केबिनच्या पडद्याबाहेर येत नसे. स्टाफरूममध्ये हॉटस्पॉट मागायची रीत होती, तंबाखूबरोबर चुना मागावा तशी. "जरा हॉटस्पॉट सोडा की," असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं कुरकुरत सोडायचं. या देण्याघेण्यातच आमची निम्मी मैत्री होती. कलशेट्टी सर त्यातून पहिल्या दिवशी उठून गेले.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर फटीत सिम सारलं, पान उघडून दाखवलं आणि शर्टाच्या आत हात घालून गळ्यातली चांदीची करडी बाहेर काढली. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, या डबीत, करडीत. ज्याचा देव त्याच्या छातीशी. सर म्हणाले, "देव गळ्यात, सिम लॅपटॉपात. देवळाच्या दारात आणि दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर ताटकळणं आपल्याच्यानं होणार नाही."

माझ्या वडिलांच्याही गळ्यात आयुष्यभर लिंग होतं. पण दारात आलेल्याला ते आधी पाणी विचारत आणि मग नाव. मी हे सरांना बोलून दाखवलं. त्यांनी करडी आत टाकली, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, पाण्याला पॅक मारावा लागत नाही.

महिन्याभरात त्यांनी फोन विकून टाकला. फोनवर त्यांचा जुना राग होता. फोन वाजतो म्हणजे कुणीतरी आपल्याला बोलावतं, आणि बोलावलं की उठायला आपण काय शिपाई आहोत, असं ते म्हणत. लॅपटॉपचं तसं नव्हतं. वाटलं तर झाकण उघडायचं, जगात फेरी मारायची, आणि झाकण पाडायचं. झाकण पाडलं की लॅपटॉप झोपे आणि आतलं सिमही झोपे. मग कुणी कितीही बोंबललं तरी सरांपर्यंत काही पोचत नसे. झाकण पाडतानाही ते हलकेच पाडत नसत. खट्ट आवाज करत. तो आवाज ऐकला की समोरच्यानं समजायचं, आपलं बोलणं संपलं.

आता त्या स्लॉट आणि कार्डाचं. इतिहासाचे भोसले सर मनानं भाबडे. सरांसारखा लॅपटॉप आपल्याकडंही असावा म्हणून त्यांनी सोलापूरहून तसाच जुना घेतला. कडेला तशीच फट. सिम घातलं तर नेट येईना. भोसल्यांनी सिम बदललं, कंपनी बदलली, लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, खिडकीत ठेवला, नारळ तेवढा फोडायचा राहिला. आठवडाभर हा तमाशा कलशेट्टी सर आपल्या कोपऱ्यातून बघत होते, शेंगा खात. शेवटी एका दुपारी ते उठले, खिशातून बारका पेचकस काढला आणि भोसल्यांचा लॅपटॉप पालथा घालून मागची पाटी उघडली. आत काड्यापेटीएवढी रिकामी जागा होती. दोन बारीक वायरी टेप लावून नुसत्याच लोंबत होत्या.

"इथं कार्ड असतं. तेच सिमशी बोलतं. तुमच्यात बसवलेलंच नाही. कंपन्या फट सगळ्यांना ठेवतात, कार्ड ज्यानं मागितलं त्यालाच," सर म्हणाले.

भोसल्यांनी विचारलं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का. सरांनी शांतपणे सांगितलं, पहिल्याच दिवशी, मागचा स्टिकर वाचला तेव्हा. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवसापासून ते वाक्य वर्गात सुरू झालं, आणि भोसल्यांना पोरं पाठीमागं स्लॉट सर म्हणायला लागली.

कावेरीअक्कांकडं मात्र फोन होता. सरांनीच दिलेला, आणि त्यात एकच गोष्ट शिकवलेली. हिरवं बटण दाबून बोलायचं आणि सोडायचं. बोललेलं लॅपटॉपवर जाऊन पडे. अक्का शिडशिडीत, सावळ्या, कायम पदर खोचलेल्या. माहेर सीमेपलीकडलं, कानडी मुलखातलं. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरातली एकही गोष्ट सरांना विचारल्याशिवाय होत नसे. मी म्हणतो ते अक्षरशः. स्टाफरूममध्ये झाकण उघडं असलं की टिंग वाजे, आणि सर तो आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच लावत. "अव्हो, दूध नासल्यालं हाय. टाकून दिऊ का कायतरी करू?" लॅपटॉपमधून अक्कांचा आवाज, भोवती आम्ही दहा माणसं. सर एका बोटानं उत्तर लिहीत. त्यांची उत्तरं दोनच, आणि दोन्ही कानडी. ब्याड म्हणजे नको, आगली म्हणजे होऊ दे. नव्वद वेळा ब्याड, मग एखादं आगली. बहिणीकडं जाऊन येऊ का? ब्याड. गॅस संपला, शेजारून शेगडी आणू का? ब्याड. मग स्वयंपाक कशावर करू, हे विचारायची अक्कांची हिंमत नसे. आम्ही हसायचो. सरांना ते हसणं आवडे. त्यांना वाटे आम्ही त्यांच्या हुकमतीला दाद देतो.

उत्तर गेलं की अक्कांच्या फोनचं टिंग मात्र आमच्या पडवीत ऐकू येई. त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी गल्लीतच उघडते. तिथं खिडकीच्या फळीवर तो फोन कायम चार्जिंगला लावलेला. टिंग वाजलं की अक्का हातातलं काम टाकून धावत, फळीपाशी उभ्या राहून वाचत आणि त्याप्रमाणं करत. सुट्टीच्या दिवशी मी हे कितीदा तरी पाहिलंय.

एकदाच त्यांनी उत्तराची वाट न बघता काही केलं. दाढ ठणकत होती, बहीण आलेली होती, दोघी उमरग्याला गेल्या आणि दाढ काढून आल्या. सरांचं झाकण बंद होतं, उत्तर आलं नव्हतं. संध्याकाळी सरांनी गालाची सूज पाहिली. आरडाओरडा नाही, हात उचलणं नाही. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सर अक्कांशी अवाक्षर बोलले नाहीत. ताट पुढ्यात आलं की ते बाजूला सारून दुसऱ्यात स्वतः वाढून घेत. लॅपटॉपवर अक्कांचे निरोप येत, त्याला उत्तर नाही. शेवटी अक्का माझ्या बायकोकडं येऊन रडल्या. म्हणाल्या, "मारलं असतं तर बरं झालं असतं. आता म्या पुन्यांदा त्यांना इचारल्याबिगर पाऊलसुद्धा टाकत न्हाय." आणि तो शब्द त्यांनी पाळला. किती पाळला ते पुढं आलंच.

तुळजापूरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. कॉलेजातले निम्मे त्या तुकडीत, निम्मे पुढच्या. कलशेट्टी सर आणि इनामदार मॅडम पहिल्यात गेले, प्राचार्यही गेले. भोसले सर आणि मी मागं राहिलो. इनामदार मॅडम आमच्याकडं तासिकेवर इंग्रजी शिकवत. कायम होण्याची वाट बघत त्यांची बरीच वर्षं गेली होती, त्यामुळं असलं प्रत्येक प्रमाणपत्र त्यांना हवंच असे. शेवटच्या दिवशी दुपारी लॅपटॉपवर परीक्षा होती. कॉपी नको म्हणून दारातच सगळ्यांचे फोन बंद करून एका घमेल्यात जमा करून घेतले. चारच्या आत कुणी बाहेर जायचं नाही, असं ठरलेलं. पुढचं आतलं सगळं मला इनामदार मॅडमनी सांगितलं.

परीक्षा सुरू झाली आणि थोड्याच वेळात हॉलचं वायफाय गेलं. माणसं हातावर हात धरून बसली. तंत्रज्ञ आला, वायफायच्या डब्याचे दिवे बघून गेला, परत आलाच नाही. अख्ख्या हॉलमध्ये फक्त एका लॅपटॉपला नेट होतं. कलशेट्टी सरांनी पेपर सोडवला, पाठवला आणि आजूबाजूला नजर टाकली. त्यांच्या डाव्या हाताला इनामदार मॅडम होत्या. त्यांचाही पेपर सोडवून झाला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. पर्यवेक्षकानंही सांगितलं, कुणाला शेजारच्याला नेट देता आलं तर द्या. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं हॉटस्पॉट द्या. नुसतं सबमिट करायचंय."

"माझं संपलं, मॅडम," सर म्हणाले, आणि खट्ट.

मागच्या रांगेतल्यांनीही आपल्याकडं वळू नये म्हणून त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, चेन ओढली आणि पिशवी मांडीखाली घेतली. मग चार वाजेपर्यंत डोळे मिटून बसले. जप करत असावेत.

त्याच वेळी इकडं मुरुमात अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांना घाम फुटला, डावा हात दुखायला लागला. माझ्या बायकोनं हाक मारली म्हणून मी धावलो. गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचं आहे, आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या. भोसले सरांची गाडी पाच मिनिटांत दारात आली. ज्या माणसाला यांच्या नवऱ्यानं गावभर हसं केलं होतं, तो घामाघूम होऊन मागचं दार उघडून उभा राहिला.

अक्का उठेनात. हातात फोन घट्ट धरलेला. म्हणाल्या, "त्यांना इचारलंय. उत्तर येऊ द्या, मग निघू."

निरोप गेला की त्याच्यापुढं एक खूण उमटते. समोर पोचला की दुसरी. अक्कांच्या निरोपापुढं एकच खूण होती. मी सरांच्या नावानं निरोप टाकला, भोसल्यांनी टाकला, सगळीकडं एकच खूण. प्राचार्यांचा फोन बंद, इनामदार मॅडमचा बंद. त्या वेळी मला घमेल्याचं काही माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून सांगतो. त्या दुपारी मुरुमहून त्या हॉलमध्ये जाणारी एकच वाट होती, ती सरांच्या लॅपटॉपमधून जात होती, आणि ती त्यांच्या मांडीखाली होती.

आम्ही अक्कांना समजावलं, रागावलो, माझ्या बायकोनं पाय धरले. त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली. मी म्हणालो, सर काही म्हणणार नाहीत, मी सांगतो त्यांना. त्यावर त्या माझ्याकडं बघून हसल्या. तसं कुणी माझ्याकडं त्याआधी बघितलं नव्हतं. शहाणी माणसं अडाण्याकडं बघतात तसं. "तुमास्नी ठाव न्हाय, सर. दाढंच्या येळंचं ध्यानात हाय ना?" एवढं म्हणून त्यांनी पुन्हा हिरवं बटण दाबलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

शुद्ध हरपली तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्नच उरला नाही. आम्ही उचलून गाडीत घातलं. नळदुर्गच्या अलीकडं भोसल्यांनी आरशातून मागं पाहिलं आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. माझ्या बायकोनं अक्कांच्या तोंडावरून पदर ओढला. आम्ही तिथूनच गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर माझा फोन वाजला. चार वाजून गेले होते, इनामदार मॅडमना फोन मिळाला होता, माझे कॉल बघून त्या घाबरल्या होत्या. म्हटलं, सर आहेत का जवळ? त्या पळत फाटकापर्यंत गेल्या आणि सरांच्या हातात आपला फोन दिला. मी कसाबसा बोलायला लागलो, की अक्कांना बरं वाटेना, डॉक्टर म्हणाले म्हणून सोलापूरला न्यायला निघालो...

"कुणाला विचारून?" सर म्हणाले.

मी सांगितलं, अक्का गेल्या. अगदी सरळ सांगितलं. मऊ करून सांगायची इच्छा त्या दोन शब्दांनी मारून टाकली होती. मॅडम म्हणतात, सरांनी फोन त्यांना परत दिला, फाटकापाशीच खाली बसून पिशवीची चेन उघडली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन झाकण वर केलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग टिंग वाजलं, मग पुन्हा, मग थांबेचना. सरांनी आवाज कमी केला नाही, त्यांना सुचलंच नसेल. देवीला आलेली माणसं परड्या, कवड्यांच्या माळा घेऊन शेजारून जात होती, आणि त्या गर्दीत अक्का एकामागून एक बोलत होत्या. छातीत दुखतंय. घाम फुटलाय. डॉक्टर आल्यात. गाडी आलीय. सगळ्यात शेवटचा निरोप मॅडमनी मला जसाच्या तसा सांगितला. आवाज बारीक झाला होता म्हणे, पण घाईचा नव्हता.

"अव्हो, समदी म्हनत्यात गाडीत बस. बसू का?"

सर संध्याकाळी एसटीनं आले. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात. अक्कांना पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. सर दारातच थांबले. त्यांच्या हातात लॅपटॉप होता, उघडा. तुळजापूरपासून त्यांनी तो तसाच आणला होता. आत येऊन त्यांनी तो अक्कांसमोर ठेवला आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन बसले. पाया पडायला लॅपटॉप आडवा येतो म्हणून कुणीतरी झाकण लावायला गेलं, तर सर त्याच्या हातावर धावून आले.

त्यानंतर ते झाकण बंद झालेलं कुणी पाहिलं नाही. गल्लीतून, बाजारातून सर लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरून चालत, वाढलेलं ताट नेल्यासारखा. वर्गात शिकवताना टेबलावर उघडा, जेवताना उघडा. लंबक झुलवायचं त्यांनी सोडलं, कारण डोळे लॅपटॉपवरून हलत नसत. गावानं त्यांना सोडलं नाही. पानपट्टीवरून कुणी ओरडे, सर, रेंज आहे का? पोरं वही हातांवर आडवी धरून त्यांच्या मागून चालत. मला खोटं बोलायचं नाही, पहिल्यांदा मला ते बघून बरं वाटलं. ज्या माणसानं इतक्यांना इतक्या थंडपणे चिरडलं, त्याच्यामागं पोरं लागली तर लागू देत, असं वाटलं.

एका दुपारी स्टाफरूममध्ये भोसल्यांनी एक गोष्ट केली. भाबडी माणसं सूड घ्यायला बसली की मोजमाप राहत नाही. त्यांनी फोनवर कसलंसं नवीन खातं उघडलं आणि त्यावरून सरांना निरोप टाकला. एकच शब्द, अव्हो. टिंग वाजलं. सर एवढ्या जोरात उठले की खुर्ची मागं पडली. वाचलं, उभ्याउभ्या पुन्हा वाचलं, आणि मग प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत गेले. भोसले खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. सरांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. ते रागावले नाहीत. लॅपटॉपचा आवाज मात्र आणखी वाढवून ठेवला.

वर्षभरानं लॅपटॉपनंच दगा दिला. सिमच्या कंपनीनं जुनं जाळं काढून टाकलं, आणि लॅपटॉपातलं कार्ड त्याच जुन्या जाळ्याचं. फोन असता तर नवा घेता आला असता. सरांनी नवं सिम आणलं, फट साफ केली, पेचकसानं मागची पाटी उघडून वायरी दाबून पाहिल्या. त्यांना कळत होतंच, कळण्यात ते कधी कमी नव्हते. फट होती, कार्ड होतं, बाहेर काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी तासावर होतो. सर स्टाफरूममध्ये गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडं काही मागितलं. मागितलं तेही इनामदार मॅडमकडं, त्याच शेजारी बसल्या होत्या म्हणून. म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं हॉटस्पॉट द्या."

मॅडमनी वह्या तपासता तपासता मान वर केली. "माझं संपलं, सर," त्या म्हणाल्या आणि फोन टेबलावर पालथा घातला.

सर टेबलाभोवती फिरले. भोसल्यांची बॅटरी उतरली होती. प्रत्येकाचं काहीतरी संपलं होतं. मॅडमनी हे मला स्वतः सांगितलं, मान खाली न घालता. मी त्यांना बरं केलंत म्हणालो नाही आणि वाईट केलंत असंही म्हणालो नाही.

पुढच्या महिन्यात सर निवृत्त झाले आणि भाच्याकडं बेंगळुरूला जायला निघाले. निघायच्या दिवशी सकाळी ते आमच्या पडवीत आले. सामान टेम्पोत चढलं होतं, घराला कुलूप होतं. विभूतीचे पट्टे वाकडे ओढलेले. लॅपटॉप दोन्ही हातांवर, उघडा.

"स्वामी सर, हॉटस्पॉट देता का? थोडा वेळच," ते म्हणाले.

या माणसाला द्यायची उत्तरं मी बरीच वर्षं तयार ठेवली होती, एकाहून एक. मी फोन काढला आणि हॉटस्पॉट सोडला. ते कट्ट्यावर टेकले. लॅपटॉप मांडीवर होता आणि मी मागं उभा, त्यामुळं दिसलंच. पडद्यावर अक्कांचे निरोप ओळीनं उभे होते. त्या दुपारचे सगळे. सगळ्यात खाली शेवटचा, आणि त्याच्याखाली जागा कोरी. इतक्या दिवसांत सरांनी त्याला काही लिहिलं नव्हतं. नेट असताना लिहिलं नव्हतं.

त्यांनी एका बोटानं लिहिलं, आगली. आणि पाठवलं.

गल्लीपलीकडं, कुलूप लावलेल्या घरातून, खिडकीच्या फळीवरून टिंग वाजलं. अक्कांच्या त्या फोनचं चार्जिंग सरांनी काढलं नव्हतं. पॅकही मारत असले पाहिजेत, नाहीतर वाजला नसता. माझी बायको आतून पडवीत आली, खिडकीकडं बघून उंबऱ्यातच थांबली. पूर्वी त्या आवाजावर पलीकडं धावपळ ऐकू यायची.

सरांनी दुसरी खूण उमटलेली पाहिली. "पोचलं," ते म्हणाले.

मग त्यांनी झाकण लावलं. आवाज होऊ दिला नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.